जुन्या जीपच्या चाकांचं माप

सिल्वासा, फाल्गुन, १९९६

प्रिय वाल्मिक,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं. चार वर्षांत एक कार्ड टाकणाऱ्या नातवाला दुसरं काय लिहावं ते मला ठाऊक नाही. नाशकात जुनी जीप घेतलीस, आपली होती तशीच छोटी, हे कळलं. आपली मूळची चार चाकं चाळीमागे पडली आहेत, ती तिला बसतील का, भोकांचं माप कळव म्हणतोस. बरं. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस, बाबांनी तेव्हा माझं ऐकलं असतं तर हे विचारायची वेळ आली नसती. तेही वाचलं. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण बारीक अक्षर दिसतं मला अजून.

शेजारच्या शैलजाबाई मास्तरीण म्हणाल्या, आजी तुम्ही सांगा, मी लिहून देते. नको म्हटलं. हे पत्र दुसऱ्याच्या हातचं नको होतं. त्यामुळे तीन दिवस लागले आणि ओळी उताराला लागल्यात, तसंच वाच.

आता माप. एवढी वर्षं ब्लाउज बेतले, चाक काय वेगळं असतं? चाक आडवं पाडलं, घासूनपुसून त्यावर कागद ताणला आणि तव्याच्या काजळीने बोटानं चोळलं. भोकं पाच. पाची भोकांच्या मधोमधून गोल फिरवला तर तो आरपार साडेपाच इंच भरतो. मधलं मोठं भोकही उमटलंय. कागद पत्रात घडी घालून ठेवलाय. तुझ्या जीपचं चाक काढ, हबवर कागद धर, पाची बोल्ट पाची भोकांतून आले पाहिजेत. एकालाही ओढूनताणून बसवायचं नाही. तोंडं आवळून बसवलेली बाही काखेत फाटतेच.

पण कागद सगळं सांगत नाही, हे तुला मी सांगायचं म्हणजे कमालच. तरी सांगते. मधलं भोक हबवर नीट बसतंय का बघ, चाक तिथं ढिलं लोंबायला नको. नटाला जसा उतार असेल तसाच भोकाला हवा. चाक बसवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पार शेवटपर्यंत फिरव, कुठं घासलं तर ते चाक तुझ्या गाडीचं नाही, मग ते कितीही देखणं असो. आणि नट बोल्टवर निदान बोल्टाच्या जाडीएवढा तरी चढला पाहिजे. दादऱ्याचा दत्तात्रय मिस्तरी, ज्याच्याकडे तू शिकलास, त्याला मी मागाहून जाऊन हे सगळं विचारून आले. तो म्हणाला, आजी आता विचारून काय करणार? खरंच आहे. काही करणार नव्हते.

तुझी ती रुंद चाकं आठवतात. दुसऱ्या कुठल्या गाडीची उचलून आणलीस. पाच भोकं जुळली म्हणून असा नाचलास जसं लग्नच जुळलं. नथू म्हणाला, ही काय माणसं वाहायची जीप आहे की वरातीची? आठवडाभर तुम्ही बापलेक एका ताटापाशी बसला नाहीत. वळताना चाक आत मडगार्डला घासायला लागलं, तर हार मानायच्या ऐवजी मागे जाड चकती घालून तू ते बाहेर काढलंस. घासणं थांबलं, पण बोल्ट आखूड पडले. नट जेमतेम चार आटे धरत होता. ते तुला स्वतःला कळलं, एवढं तरी शहाणपण होतं तुझ्यात. सकाळीच वापीला लांब बोल्ट आणायला निघालास. नथू तेव्हा अंघोळीला गेला होता. चुलीपाशी येऊन मला सांगितलंस, आजी, नट चार आट्यांवरच आहेत, बाबांना सांग, मी येईपर्यंत जीप हलवू नका.

पुढचं चाळीतल्या सगळ्यांना पाठ आहे. दुपारपाळीची माणसं खडोलीला सोडायला नथूनं जीप काढली आणि राखोलीच्या पुलाअलीकडच्या उतारावर पुढचं डावं चाक निघून गेलं. मागची माणसं हातपाय मोडून वाचली. तो वाचला नाही. दहाव्याला सगळे बसले असताना तू म्हणालास, मी निरोप ठेवला होता. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, हो, सांगितलं होतं मी त्याला.

तेव्हापासून या घरात नथू हट्टी म्हणून मेला. तुझी आई मंगला, दोऱ्याच्या कारखान्यातून येते, चप्पल काढते आणि त्याच्या फोटोकडे बघून म्हणते, पोराचं ऐकलं असतंत तर काय लहान झाला असतात? त्या फोटोला हार घातलेला मी पाहिला नाही. तू तर आखाजीला बापाच्या नावाची घागर भरायलासुद्धा आला नाहीस. चार आखाज्या गेल्या. निरोप धाडला तर तुझं उत्तर, जो जिवंतपणी ऐकत नव्हता त्याला आता काय ऐकू जाणार.

मी त्याला सांगितलं नव्हतं, वाल्मिक. विसरले नव्हते. तो अंघोळ करून आला, पाटावर बसला, आठ दिवसांत पहिल्यांदा न ओरडता जेवला. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मला वाटलं, आता तुझं नाव काढलं की ताट भिरकावील आणि पुन्हा तेच सुरू होईल. पोरगं उगाच शेखी मिरवतंय, चार आटे तर चार आटे. माणसं बाहेर हाका मारत होती. तो चूळ भरून निघाला आणि मी भांडी गोळा करत बसले. दहाव्याला खरं सांगायला तोंड उघडलं होतं, बाहेर दुसरंच आलं. नंतर रोज वाटायचं, आज सांगते. रोज मंगला त्याला बोलायची आणि मी भाजी निवडायची. तुझ्या बापानं तुझं न ऐकता जीप काढली नाही. तुझा निरोप त्याच्या कानावर पडलाच नाही. माफी मागत नाही, कारण ज्याची मागायची तो नाही, आणि तू देशील असं मला वाटत नाही. मंगलाला अजून ठाऊक नाही. ती पाचला येईल. त्याआधी हे पत्र पेटीत टाकून येते, म्हणजे तिच्यासमोर पुन्हा तोंडातून दुसरंच आलं तरी खरं तुझ्याकडे निघालेलं असेल.

तुझीच, नको असली तरी,
तानूआजी