निळी टोपी

प्रिय राजी,

जिनिव्हात बर्फ पडतोय, असं तुझ्या आईनं, कमलकाकूंनी सांगितलं. बरंय. इथं तुझे इंद्रजित भावजी सोलापूरच्या दवाखान्यात पडून आहेत. कवटीला टाके, आणि उजवा डोळा गेला तो गेलाच. गोड बोलून सुरुवात करायला माझ्याकडं काही नाही, राग मानू नकोस. मानलास तर मान.

तुझ्या संस्थेची माणसं पहिल्यांदा गावात आली, तेव्हा पृथ्वी वाचवायची भाषा ऐकून गजराबाई म्हणाली होती, "पिर्थमी ऱ्हाऊ द्या, आधी आमची हीर वाचवा." तू पोट धरून हसलीस आणि तेच तिकडच्या मोठ्या सभेत सांगितलंस. मग करार झाला: नवी बोअर नाही, वाढीव ऊस नाही. तुझ्या साहेबांना सह्या पुरल्या, गावाला पुरल्या नाहीत. खंडोबाच्या देवळात घराघरानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. पाणी समितीचा अध्यक्ष म्हणून सगळ्यात आधी तुझ्या भावानं, युवराजनं. त्या दिवशी तू आमच्या यांच्या डोक्यावर संस्थेची निळी टोपी घातलीस आणि म्हणालीस, ही घातलेल्या माणसाला लढाईतसुद्धा कुणी हात लावत नाही. चेष्टाच होती ती. पण साधा माणूस गं, त्यांनी ती खरी धरली.

कोजागरीला गाव तुळजापूरला चालत गेलं. विहिरींची पातळी मोजायची म्हणून हे मागं राहिले, म्हणून मीही राहिले. भर दुपारी ओढ्यापलीकडं धुरळा उठला. गाव रिकामं बघून बोअरची गाडी आणली होती. मी म्हणाले, काठी तरी घ्या. हे म्हणाले, "टोपी हाय की." आणि गाडीपुढं हात पसरून उभे राहिले.

पहिली टामी खांद्यावर बसली, हातभर लोखंडी दांडा. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरी डोक्यात. हे पडले तरी टामी थांबेना. मी मारणाऱ्याच्या मनगटाला चावले, रक्त निघेपर्यंत. त्यानं माझ्या पोटात लाथ घातली. बोअर तशीच चालू होती आणि तिचा पांढरा चिखल यांच्या तोंडावर उडत होता. अजून घास घेतला की ते रक्त जिभेला लागतं.

आता गावाच्या बक्षिसासाठी तुमची पाहणी येणार म्हणून शाळेच्या भिंती रंगवणं चालू आहे. तुमच्या साहेबांचा फोन आला, बक्षीस जाहीर होईपर्यंत 'अपघात' म्हणा. सरपंच वीरप्पा म्हणाले, "पोरी, पाइप पडला म्हण. गावाचं नाव जाईल." काल तर कमलकाकूंनी माझे पाय धरले. ज्यांच्या हातचं खाऊन मी वाढले, त्यांनी. मी पाय सोडवून घेतले आणि मोरीत जाऊन ढसाढसा रडले.

त्यांनी पाय का धरले, ते तू ओळखलं असशील. कुंपणानंच शेत खाल्लं, राजी. टामी युवराजच्या हातात होती. उद्या लोहाऱ्याला जाऊन मी पोलिसांना त्याचं नाव सांगणार आहे. त्याच्या मनगटावर माझे दात उमटलेत, तेही सांगणार आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी ढिली पडले असते, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. मला अडवू नकोस. यायचं असेल तर संस्थेची म्हणून येऊ नकोस, माझी म्हणून ये. आणि टोपीचं विचारू नकोस. ती जखमेत रुतली होती, डॉक्टरांनी कात्रीनं कापून काढली. निळी राहिली नव्हती.

अजूनही तुझीच,
शिवकन्या