तळ्याचा कोरडा काठ

प्रिय भाऊजी,

वहिनीचं पत्र आलं म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार, असं मनात आणू नका. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनच केला असता, पण फोनवर तुमच्या दादांचं नाव काढलं की तुमचं शिलाई मशीन लगेच खडखडायला लागतं आणि 'गिऱ्हाईक आलंय' म्हणून तुम्ही मला वाटेला लावता. सासूबाई गेल्यापासून तुम्हा भावाभावांत बोलणं नाही, आणि मधल्या मधे माझी मात्र निरोप्याची नोकरी चालू आहे. पत्र वाचताना मशीन चालवता येत नाही, म्हणून आज लिहायलाच बसले.

बातमी अशी की तुमच्या दादांनी मागच्या अंगणात तळं बांधलंय. हसू नका. जन्मभर लोकांच्या गच्च्या आणि टाक्या गळायच्या थांबवल्या, काम सोडल्यावर हातांना चैन पडेना. स्वयंपाकघरातला चांगला चालणारा नळ रोज खोलून बसायचे. शेवटी मी हात जोडले, म्हटलं, घराला सोडा, बाहेर काय तो उद्योग करा. तर पठ्ठ्याने परातीपेक्षा थोडं मोठं तळं करायचं तर धरणाच्या वरताण मजबुती केली. विटा, सिमेंट, वर तुम्हाला माहीत आहे ते गळती थांबवणारं काळं रसायन, आणि पाणी भरून पातळी मोजायला पट्टी लावून बसले. थेंब हलला नाही. त्यानंतर काठाला लावायला ओलावा आवडणारी झाडं निवडली, ती अगदी तुम्ही कापडाचा पोत बघता तशी, प्रत्येक पान उलटंपालटं करून. कर्दळ हवी पण पिवळीच, लाल फार ओरडते म्हणे. वेखंड पाण्याजवळ, नेचे भिंतीच्या सावलीत, अळू सगळ्यांच्या मागे, कारण त्याची पानं पुढच्यांना झाकून टाकतात. इतका बारीक विचार त्यांनी आमच्या संसारात कधी केलेला मला आठवत नाही.

आणि महिनाभरात सगळ्यांनी माना टाकल्या. तळं काठोकाठ भरलेलं आणि वीतभर अंतरावर नेचे करपून कुरकुरीत झालेले. झारीने पाणी घाला म्हटलं, तर तळ्याकाठी झारी घेऊन उभं राहायची त्यांना लाज. रोपं रोगट दिली म्हणून रोपवाटिकेवर तणतण झाली, खत आलं, फवारणी झाली. एके दिवशी मी सहज काठाच्या मातीत बोट खुपसलं तर ती रस्त्यासारखी कोरडी. पाणी बाहेर झिरपतच नव्हतं तर त्या बिचाऱ्यांनी प्यायचं काय? तेव्हा मला तुमच्याकडचा सोनटक्का आठवला. धुण्याच्या दगडापाशी, त्या गळक्या नळाखाली कसा माजलाय तो. सासूबाईंनी तुमच्या दादांना त्या नळाला कधी हात लावू दिला नाही. जगाची गळती थांबवणारा मुलगा दारात उभा, आणि या म्हणायच्या, तेवढा गळू दे रे, माझं झाड जगतंय त्याच्यावर. मी नुसती आठवण करून दिली. ते जेवले आणि ताट उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोड्याचा आवाज आला म्हणून बाहेर गेले, तर हे आपल्याच हातचा काठ फोडत होते. एका बाजूने दोन बोटं खाली आणला. आता सकाळी तळ्यात बादलीभर पाणी ओतलं की तेवढंच त्या बाजूने उतरतं आणि मातीत मुरतं. फोडताना चेहरा असा झाला होता की मला बघवेना. तिथे उभी असताना मला तुमच्याकडचा तो दिवस आठवला. सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या आणि हे त्यांच्या पलंगामागची ओल आलेली भिंत खरवडून लिंपत होते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आई चाललीय आणि तू भिंती लिंपतोयस? तुला काही वाटतं की नाही?" तुमचा राग खोटा नव्हता. मीही चिडले होते. पण ओलीने छातीतला कफ वाढतो असं डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते, आणि ते ऐकल्यावर दुसरं काय करायचं हे त्यांना कळलं नाही. त्या माणसाला रडता येत नाही, भाऊजी. न्हाणीघराचं दार लावूनही येत नाही, मी कान लावून बघितलंय. माझा फार जीव तुटतो त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही. तुम्ही एवढेसे होतात तेव्हापासून तुम्हाला बघत आलेय.

आता वेखंडाला नवी पाती आलीत आणि कर्दळीला कळ्या धरल्यात. फक्त काठ फोडलाय तिथली, सगळ्यात ओली जागा मोकळी आहे. मी हौसेने रोपवाटिकेतून सोनटक्का आणला, तर त्यांनी तो गुपचूप शेजारच्या काकूंना देऊन टाकला. म्हणाले, "हा नको. आईचा हवा." मग मागा की भावाकडे, म्हटलं. चार दिवस तळ्याभोवती फेऱ्या मारल्या आणि काल म्हणाले, "तूच लिही." तर त्यासाठी हे पत्र. सकाळी बघते तर त्या जागेवर हातभर खोल खड्डा तयार, ढेकूळ न् ढेकूळ हाताने फोडलेलं, माती पिठासारखी भुसभुशीत, आणि बाजूला बसायला पाट. एका कंदासाठी एवढा थाट कशाला, असं विचारलं. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला वाकून खणायला नको. मशीनवर बसून पाठ गेलीय त्याची." कंद पार्सलनेही येतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमचीच,
वहिनी