अर्धी भिंत रिकामी ठेवल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय अधिकारी,
जनरंग कलादालन, नाशिक.

विषय : प्रदर्शनात अर्धी भिंत रिकामी ठेवल्याबाबत खुलासा व एक विनंती.
संदर्भ : आपले दि. ४ मार्च २००३ चे पत्र.

महोदय,

उपरोक्त पत्रान्वये मागविलेला अर्जदाराचा खुलासा पुढीलप्रमाणे आहे.

१. यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक स्थानिक कलावंताने आपली अर्धी भिंत स्वतः बोलावलेल्या अतिथी कलावंतास द्यावी, असे ठरले होते. अर्जदार ही शाळेत चित्रकला शिकवते. तिने सौ. फुलाबाई हिरामण गावित यांना बोलावले. फुलाबाई पेठ तालुक्यातील पाड्यावर राहतात. भातकापणी उरकली की त्या कुटुंबासह नाशिकला बांधकामावर येतात आणि शिमग्याच्या आधी परत जातात. शाळेच्या नव्या इमारतीचे काम चालू असताना दुपारच्या सुट्टीत त्या विटांवर कोळशाने चित्रे काढीत, ओळख तेव्हाची. निमंत्रण मिळाल्यावर त्यांनी कापड शेणाने सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने तीन चित्रे केली. एकात खळे आहे, एकात मजुरांनी भरलेली एसटी, आणि एकात परांचीवर चढणाऱ्या बाया.

२. नोंदणीच्या वेळी आपले लिपिक श्री. जयराम यांनी नियम दाखविला. स्थानिक म्हणजे शहराच्या हद्दीतील रहिवासी, अतिथी म्हणजे जिल्ह्याबाहेरील. पेठ शहरात नाही आणि जिल्ह्याबाहेरही नाही. "मॅडम, या पाहुण्या पण नाहीत आणि घरच्या पण नाहीत. मी यांना कुठे लिहू?" असे ते म्हणाले. त्यांचा सूर वाईट नव्हता. अर्जदारही मूळची शहराबाहेरची, नामपूरची आहे. तिचे शहरातील रेशनकार्डावर भागले.

३. मग शहरातील रहिवासाचा दाखला आणण्यास सांगण्यात आले. ठेकेदाराने नकार दिला. मजूर शेडमध्ये राहतात असे लिहून दिले, तर शेडचा परवाना कोणीतरी विचारील, असे त्याचे म्हणणे पडले. त्यानंतर चित्रे अर्जदाराच्याच नावावर लावावीत, असे आपल्या कार्यालयातून सुचविण्यात आले. अर्जदाराने तेही फुलाबाईंना जाऊन सांगितले. डोक्यावरचे घमेले खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "लावा ना बाई. नाव काय, कुणाचं बी चालंल."

अर्जदाराला ते चालले नाही. त्यामागे फार मोठा विचार होता असे नाही. चित्रांखाली लावायच्या चिठ्ठीवर स्वतःचे नाव लिहायला बसल्यावर हात पुढे सरकला नाही, इतकेच.

४. भिंत रिकामी राहिली ती अशी. उद्घाटनास आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी चौकशी केली तेव्हा तेथे लाइटचे काम चालू असल्याचे त्यांना सांगण्यात आले. ते अर्जदाराने सांगितलेले नाही. मात्र खोडूनही काढलेले नाही.

५. शेवटच्या दिवशी फुलाबाई धुतलेले लुगडे नेसून दालनात आल्या. सगळ्यांची चित्रे त्यांनी सावकाश पाहिली. अर्जदाराच्या चित्रांशेजारी थांबून त्यांनी विचारले, "ही जागा कुणाची?" अर्जदार म्हणाली, "तुमची." त्या भिंतीसमोर फरशीवर बसल्या. अर्जदारही बसली. मग त्या म्हणाल्या, "भिंत लय चांगली हाय. गिलावा कुठंच फुटला नाय." दालन बंद होईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. अर्जदाराला रडू आले नाही, रागही आला नाही. घरी जाऊन तिने भाजी चिरली आणि मुलांच्या वह्या तपासल्या. तेव्हापासून तिने स्वतः काही काढलेले नाही.

६. तीन वर्षे प्रदर्शनात भाग घेता येणार नाही, असे आपण कळविले आहे. त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही.

विनंती अशी की, सोमवार, दि. १० रोजी दालनास साप्ताहिक सुट्टी आहे. त्या दिवशी कोणतेही प्रदर्शन नसल्याने कोणी स्थानिक नाही आणि कोणी अतिथी नाही. तेवढा एक दिवस ती तीन चित्रे त्या भिंतीवर लावू द्यावीत. नाव, निमंत्रण, दिवे, काही नको. फुलाबाईंनी ती एकदा लांबून पाहावीत, एवढेच. मंगळवारी त्या पाड्यावर परतत आहेत आणि पुढच्या हंगामात काम कोणत्या गावी लागेल, हे त्यांनाही माहीत नाही. झाडलोट अर्जदार करील.

लेखी उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. सोमवारी सकाळी दार उघडे असल्यास दोघी आत येतील. नसल्यास परत जातील.

आपल्या दालनातील आजवरची एक स्थानिक कलावंत,
उज्वला चिमाजी निकम
नाशिक, दि. ७ मार्च २००३