पोटावरचा खडू

गुरुजी, गावात तुमचं नाव निघालं की लोक अजून हात जोडतात. मी जोडत नाही. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी राग आहे तिथेच आहे, म्हणून आज तुम्हालाच लिहायला बसले.

कुरखेड्याकडच्या आपल्या गावातली ती कौलारू शाळा. मुली आम्ही दोघीच. त्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत हिवताप मला सोडत नव्हता. हातपाय काड्यांसारखे झालेले आणि पोट डावीकडून दगडासारखं पुढे आलेलं. तुम्ही शरीर शिकवत होता. अन्न कुठे जातं, रक्त कसं फिरतं, हे फळ्यावर काढून दाखवायचात, आणि आपण झोपलो तरी आत हे सगळं चालूच असतं याचं मला फार नवल वाटायचं. त्या दिवशी तुम्ही फळा सोडून मला पुढे बोलावता. मला वाटतं, काही विचारणार. तुम्ही माझा झंपर वर करता आणि उघड्या पोटावर खडूने काढायला लागता. हे जठर, हे यकृत, ही आतडी, आणि ही पाणथरी, म्हणजे प्लीहा, बघा केवढी वाढली आहे, जंगलातल्या लोकांची अशीच वाढते. पोरं हसतात. तुम्ही त्यांना हसू देता. अंगात ताप होता, तरी खडू गार लागत होता एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी बा शेत टाकून शाळेत आला. कधी कोणाशी वाद न घातलेला माणूस. दाराबाहेरच उभा राहून म्हणाला, “गुरुजी, पोरगी बिमार होती तं मले सांगाचं होतं. साऱ्यांसमोर तिले उघडी काऊन केली?”

तुम्ही मान वर न करता म्हणालात, “हे विज्ञान आहे. तुला नाही कळायचं.”

बा परत फिरला. घरी येऊन बैलांपुढे तणीस टाकत राहिला. आई म्हणाली, आता शाळा नको. मी हट्ट धरून गेले. तुम्हाला जेवढं येतं तेवढं सगळं काढून घ्यायचं आणि एक दिवस तुमच्यासमोर उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं.

नागपुरात नर्सिंग शिकले आणि चांद्याच्या दवाखान्यात लागले. तिथेच तुम्हाला आणलं, धापा टाकत, पाय सुजलेले. मी मनात म्हटलं, आलात. गावाचं नाव सांगितलं, बाचं सांगितलं, त्या दिवसाचंही सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “असशील बाई. खूप पोरं शिकवली.” ज्या दिवसाच्या जोरावर मी इथवर आले, तो तुमच्याकडे नव्हताच.

मग तुम्ही विचारलंत, मी बरा होईन ना. नर्सने धीर द्यायचा असतो. मी दिला नाही. खाटेशी उभी राहून एकेक सावकाश सांगितलं. हृदय थकलंय, आलेलं रक्त पुढे ढकलत नाही. ते मागे फुफ्फुसांत तुंबतं, तिथे पाणी साचतं, म्हणून आडवं झालं की श्वास कोंडतो. मूत्रपिंडांना पुरेसं रक्त पोचत नाही, मग लघवी कमी होते आणि पाणी पायांत उतरतं. एक थकलं की बाकीची त्याच्यामागून थकत जातात. औषधाने थोडे दिवस निघतील, बरं होणार नाही. तुमच्या डोळ्यांत भीती उतरली. मी नजर वळवली नाही, पोटभर बघून घेतली. याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

जरा वेळाने तुम्ही उशीला टेकलात, डोळे मिटलेत, आणि शाळेच्या सगळ्या वर्षांत मला एकदाही न म्हटलेलं म्हणालात. “बरोबर. बस खाली.”

आणि मी बाजूच्या स्टुलावर बसले.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. हे पत्र टाकणार तरी कुठे, ट्रंकेत राहील. बाला कधी सांगितलं नाही, कोणालाच नाही, पण त्या स्टुलावर बसताना मला आनंद झाला होता, गुरुजी. शाबासकी मिळालेल्या पोरीला होतो तसा. तुमच्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग आता त्याचाच आहे.