सही आईची आहे

ओडेल,

उठलास की आधी हे वाच, कॉफी मग. मी बेकरीत चाललेय. या घरात कुणाला तरी वेळेवर कामाला जावं लागतं.

आज नऊला तुझी कोर्टाची तारीख आहे. तू सुटलास ते तुझ्या रूपाकडे बघून नव्हे. पैसे घेऊन जामीन भरणाऱ्या एजन्सीतल्या रेनीबाईंनी रविवारी फोन उचलला, तुला कुठल्या तुरुंगात ठेवलंय ते शोधलं, आईला घर तारण ठेवायचा कागद ओळ न् ओळ वाचून दाखवला. म्हणाल्या, "पोरगा तारखेला आला नाही, तर घर जाईल. नीट विचार करा, मावशी." आईने चष्मा पुसला आणि सही केली.

त्यांनी बजावलं होतं की तुरुंगातले फोन टेप होतात, ज्या भांडणापायी तुला पकडलं त्याबद्दल अवाक्षर काढू नका. म्हणून आई दहा मिनिटं नुसतं "जेवलास का?" विचारत राहिली, आणि तू त्या भांडणात अल्फोन्सला कसं लोळवलंस त्याची फुशारकी मारत होतास. शाबास! सरकारी वकिलाचं निम्मं काम तूच करून ठेवलंस.

सोमवारी जामिनाच्या अटीप्रमाणे एजन्सीला करायचा हजेरीचा फोनही केला नाहीस. रेनीबाईंनी विचारल्यावर आई म्हणाली, "ताप आलाय त्याला." चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई तुझ्यापायी खोटं बोलली.

शर्ट दारामागे आहे. आई चर्चची टोपी घालून आत्तापासूनच गाडीत जाऊन बसलीय. "घरात आले तर मला त्याची कीव येईल," म्हणते. हॉर्नही वाजवणार नाही. तू आपल्या पायांनी बाहेर येतोस का, एवढंच तिला बघायचंय.

तुझी बहीण,
व्हर्लीन