बाबांच्या शर्टांची गोधडी

प्रिय आकांक्षा,

पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे सगळ्या जगाला ठाऊक, आणि मी मात्र तुला फोनवर सांगितलं की घराचं काम निघालंय, यंदा सासरीच राहा. तेव्हापासून तुझी माझ्याशी कट्टी. जावई बोलतात आणि तू मागे भांडी आपटतेस, ती मला परतवाड्याहून थेट अकोल्यात ऐकू येतात. घराचं काम वगैरे काही नाही. बाळाच्या काळजीनंच तुला थांबवलं होतं.

तुला सातवा लागला तशी मी गोधडी शिवायला घेतली. तान्ह्या जीवाला नवं कापड टोचतं, घरातल्या मोठ्यांचं वापरून मऊ झालेलंच लागतं, म्हणून तुझ्या बाबांचे जुने शर्ट उसवले. तेच, एमआयडीसीत फवारणीचं औषध पॅक करताना घालायचे. वर्षानुवर्षं धुऊन इतके मऊ झालेले की गालाला लावावेत, आणि मी लावलेही. भर उन्हाळ्यात घामेजल्या मांडीवर पसरून दुपारभर टाके घालायची, दोरा दातानं तोडायची.

मग डोकं दुखायला लागलं, पोटात मुरडा, तोंडाला सारखं पाणी. शेजारच्या जयवंताबाईनं तर गल्लीत जाहीर केलं, "डोहाळे पोरीले लागले का मायले?" मीही हसले. पण एका दुपारी सुईत दोरा ओवता ओवता डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, तर बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. फवारणीला गेला होता का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही बाई, गोधडी शिवून राहिली.

त्यांनी मग नीट समजावलं. हे औषध धुतलं तरी कापडात थोडं उरतं आणि घामेजलेल्या कातडीतून आत शिरतं. आपल्या नसांना आवरून धरणारं एक द्रव्य शरीरात असतं, ते यानं दबतं. मग नसा आपल्या मनानंच हुकूम सोडत बसतात, लाळ गाळ, घाम गाळ, आतडं पीळ. किडीचं जे होतं तेच माझं जरासं झालं. इंजेक्शनांनी उतरलं, पण ते द्रव्य पुन्हा भरायला वेळ लागतो म्हणाल्या. गोधडी पिशवीत बांधून कारखान्याच्या विषारी कचऱ्यात गेली. तिच्यासाठी मी खूप रडले, खोटं कशाला सांगू.

आता कपडे कारखान्यातच धुतात. तुझे बाबा तिथेच साबण लावून आंघोळ करतात आणि भांग पाडून घरी येतात. जयवंताबाई म्हणते, नवरदेव आला.

तू येऊ नकोस हे बोलले मी, पण शब्द तुझ्या बाबांचे होते. मी दवाखान्यात असताना ते खाटेजवळही येईनात. दारातूनच म्हणाले, "पोरीले इकडं आणू नको. मी त्या लेकराले हात कसा लावू?" काल माझी रक्ताची तपासणी चांगली आली, तेव्हा त्यांच्या देखतच डॉक्टरीणबाईंना विचारलं, आजोबांनी नातवंड मांडीवर घ्यावं का. त्या म्हणाल्या, आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून खुशाल घ्या. एवढ्यावर तुझे बाबा सगळ्यांसमोर रडले. रविवारी ते तुला घ्यायला येतायत. सामान भरून ठेव. आणि दारात घुटमळले, तर हाताला धरून आत घे.

डोळे लावून बसलेली,
तुझीच आई