चौथा मजला

६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून तेवढं लिहून मोकळी होते. तू फोन बंद केलास, तेव्हा हे पत्र तुझ्या धुलाईखात्याच्या मुकादमबाईंच्या नावाने पाठवते आहे. पाकिटावर तुझं नाव कुठेच नाही. जिथे चिकटवलं आहे तिथे मी आडवी सही केली आहे. सही तुटलेली दिसली, तर पाकीट कुणीतरी आधी उघडलं असं समज.

हो, मी आता असा विचार करायला लागले आहे.

माझं काम बरं चाललंय. ऑफिसात आम्ही सात जण. लहान दुकानांना मागण्या नोंदवायला आणि माल पाठवायला उपयोगी पडेल असा प्रोग्रॅम बनवतो. सगळं स्वतः बनवायला माणसं पुरत नाहीत, म्हणून इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या सेवा शोधायच्या, वापरून बघायच्या आणि कुठली चालेल ते तक्त्यात लिहायचं, हे माझ्याकडे आहे. एक सेवा फोटोतली अक्षरं वाचून देते, एक नकाशा काढते, एक पार्सलवर चिकटवायची पत्त्याची चिठ्ठी छान आखून देते. प्रत्येक ठिकाणी नाव-पत्ता असं काहीतरी भरावं लागतं. भरते काहीतरी.

समोरच्या टेबलावर आमचे वरिष्ठ बसतात. सगळे त्यांना शंकासूर म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. रोज सकाळी मला विचारतात, "काय पदवीधर, आज कुठल्या दानशूराच्या पंगतीला?"

मी एकदा त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, कुठल्या तरी अनोळखी माणसाने आपली मेहनत सगळ्यांसाठी उघडी ठेवली, यात वाईट काय आहे? मी ज्या मोफत वाचनालयात बसून परीक्षा दिल्या, त्याच्यासारखंच हे.

"वाचनालयाने तुझा पत्ता मागितला होता?"

"हो. पुस्तक घरी न्यायचं तर द्यावाच लागायचा."

"ते त्यांचं पुस्तक परत यावं म्हणून. इथे तू काय घेऊन पळणार आहेस?"

मी माझ्या तक्त्याकडे वळले. पटलं मात्र नाही.

आता खरं कारण. तुझा नवरा तुझ्या दारात पोचला कसा, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. दोन वर्षं तू त्याला ताकास तूर लागू दिली नव्हतीस. नव्या खोलीचा पत्ता तू फक्त आईला आणि मला दिलास. शेवटच्या फोनवर तू आईला जे बोललीस ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. तो दुपारी आला, हातात तुझी जुनी छत्री होती, "विसरली होतीस" म्हणाला आणि अर्धा तास जिन्यात नुसता उभा राहिला. ओरडला नाही की काही नाही. त्याआधी तो चौथ्या मजल्यावर जाऊन आला होता, तिथल्या आजोबांना तुझं नाव विचारत. तू तर तिसऱ्या मजल्यावर होतीस.

मी सगळ्यांचा विचार करून पाहिला. तुझी घरमालकीण बोलघेवडी आहे, पण ती स्वतः त्या इमारतीत राहते, ती तिसऱ्याला चौथा म्हणणार नाही. पार्सल आणणारा माणूस तर आठवड्यातून दोनदा तो जिना चढतो. मग तिसऱ्याला चौथा कोण म्हणेल?

आई म्हणते. तुला आठवतं ना, ती जमिनीलगतचा मजलाही मोजते. "तिथे माणसं राहत नाहीत का? मग तो मजला नव्हे?" असं म्हणून तिने गॅसवाल्याला नेहमी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पाठवलं. ती बाजारात कुणाशीही बोलत उभी राहते. मी तिच्यावर आरोप करत नाही. फक्त जे दिसतं ते तुझ्यापुढे मांडते आहे.

तब्येतीला जप.

तुझी धाकटी

२८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मुकादमबाईंनी पत्र तुला दिल्याचं मात्र फोनवर कळवलं. सही शाबूत होती असंही त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

आधी आईचं सांगते. तुझा तो फोन आल्यापासून ती बाजारात जात नाही. सामान मीच आणते. परवा मी कामावर निघाले होते, चपला घालत होते, तर दारापाशी येऊन विचारते, "अगं, मी झोपेत बोलले असेन का?" मी म्हटलं, झोपेत कुणाला सांगशील, घरात आपण दोघीच. "मग बसमध्ये डुलकी लागली असेल तेव्हा." रोज एक नवीन शक्यता शोधून आणते. दुधाच्या रांगेत एका बाईला "माझी थोरली लांब असते" एवढं म्हणाली होती, ते तिला आठवलंय, आणि आता ती बाई त्याच्या नात्यातली असणार असं तिने धरून ठेवलं आहे. हळूहळू तिची खात्री पटत चालली आहे की तिनेच सांगितलं. या शनिवारी तुझ्या धुलाईखात्याच्या फाटकाशी येऊन ती हात जोडून माफी मागणार होती. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

तू तिला म्हणाली होतीस, "दोघींतल्या एकीने सांगितलं, आणि धाकटी सांगणार नाही. ती शिकलेली आहे." हेही तिने मला जसंच्या तसं सांगितलं होतं. मागच्या पत्रात ते मी गाळलं.

ताई, मी काही सांगितलं नाही. मी लिहिलं.

आमच्या कामात चाचणीसाठी खोटा माणूस घ्यायचा असतो. नाव अबक, पत्ता गल्ली क्रमांक एक. मला तो अबक कधी आवडला नाही. कॉलेजात पहिला प्रोग्रॅम लिहिला तेव्हा यादीच्या पहिल्या ओळीत मी तुझं नाव टाकलं. मी पाचवीत असताना तू शाळा सोडून इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिलीस. आपल्या घरात मी पदवी घेणारी पहिली, पण मी केलेल्या कुठल्याही गोष्टीत पहिली तू असावीस असं मला वाटायचं. तेव्हापासून जे जे वापरून पाहिलं, त्या सगळ्यांत पहिली नोंद तुझी. तुझ्या नावाने काम सुरू केलं की ते चालतं, असा माझा वेडा समज.

पार्सलच्या चिठ्ठीची ती सेवा पाहत होते तेव्हा लांब पत्ता हवा होता, ओळी नीट मोडतात का ते बघायला. तुझा नवा पत्ता लांब होता. मागचा जिना, पाण्याच्या टाकीशेजारचं लोखंडी दार. मी तो घातला. घालताना मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. तेव्हा सावधगिरी म्हणून मी एक आकडा बदलला. तिसऱ्याच्या जागी चौथा मजला लिहिला, आणि स्वतःवर खूश होऊन पुढच्या कामाला लागले. तक्त्यात त्या सेवेपुढे शेरा लिहिला: "उत्तम. खातं उघडावं लागत नाही."

ती सेवा प्रत्येक चिठ्ठीचं एक पान बनवून ठेवते, आणि ते पान कुणालाही उघडता येतं. कुणी इंटरनेटवर तुझं पूर्ण नाव शोधलं असतं तर तिसऱ्याच ओळीत ते सापडलं असतं. खाली बारीक अक्षरांत होतं: हे पान एकोणीस वेळा पाहिलं गेलं. त्यातल्या दोन वेळा मी.

मला हे केव्हा कळलं, असं तू विचारशील. आईने तुझा फोन ठेवला आणि "चौथ्या मजल्यावर गेला होता म्हणे" असं म्हणाली, त्याच क्षणी. ते पान मी नंतर शोधलं, पण मी बदललेला आकडा आठवला तो तेव्हाच. सगळं कळून मी तुला ते सहा तारखेचं पत्र लिहिलं. घरमालकीण, पार्सलवाला, एकेकाला तपासून सोडून दिलं आणि आईपाशी येऊन थांबले. तिची मजले मोजायची सवय मला आयती मिळाली. पाकिटावर सही करताना मी कुणावर नजर ठेवत होते, कोण जाणे.

पान काढायला गेले तर काढता येईना. खातंच नाही, तर ते माझं हे सिद्ध कसं करायचं. शेवटी शंकासूरांना दाखवलं. त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"ही कोण? आपली ग्राहक आहे?"

"माझी ताई."

"चाचणीला खरा माणूस कशाला घेतलास गं?"

पहिली नोंद नेहमी तुझी, वगैरे सगळं मी सांगितलं. मला वाटलं टोमणा मारतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि त्या सेवेच्या लोकांना स्वतः लिहायला बसले. नऊ दिवस पाठपुरावा केला. परवा पान गेलं. दुसऱ्या कुणी त्याची नक्कल ठेवली असेल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "असेल. ते कळायला काही मार्ग नाही." तेव्हापासून ते मला पदवीधर म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाकीच्या सेवांतल्या नोंदी शोधून काढते आहे. एकतीस सापडल्या, बावीस पुसल्या. तुझं नाव मी इतक्या ठिकाणी लिहून ठेवलंय की मलाच आठवत नाही.

आज सकाळी आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "चौथा का लिहिलास?"

"सावधगिरी म्हणून."

"मग सगळाच खोटा लिहायचा होतास."

थोड्या वेळाने तिने भरलेली पिशवी आणून माझ्यासमोर रिकामी केली, कपड्यांच्या घड्या परत कपाटात ठेवल्या. रागावली असती तर मी काही बोलले असते. "ताईला कळवलंस?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग बस आणि आधी ते लिही. स्वयंपाकाचं मी बघते." दुपारी ती बाजारात गेली. तीन आठवड्यांनी.

तू तिच्याशी बोल. माझ्याशी बोलावंस असं मी म्हणत नाही. पण तिने काही केलं नव्हतं, आणि तिला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं, ते माझ्यामुळे.

आणि एक. आता तू जिथे राहतेस तिथला पत्ता आईला दे. ती एक मजला जास्त मोजेल, तेवढं समजून घे. मला देऊ नकोस. मी विचारलं तरी देऊ नकोस. विचारेन मी, मला माझा स्वभाव माहीत आहे.

या पाकिटावर सही केलेली नाही.

तू अजून म्हणू देणार असशील तर,
तुझी धाकटी